जुन्या ठाण्यातील ऐतिहासिक स्थळांवर माहितीफलक लावायचे आहेत. मजकूर कसा ठरवावा?

मासुंदाकाठ

नमस्कार.

जांभळी नाक्याच्या परिसरात राहणाऱ्या आम्ही काही वाचकांनी गेल्या वर्षभरात जुन्या ठाण्यातील ऐतिहासिक स्थळांची पायी फिरून नोंद केली. मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचे मंदिर, ठाण्याच्या जुन्या किल्ल्यात असलेल्या तुरुंगाची तटबंदी, बेने इस्रायल या ज्यू समाजाने १८७९ साली बांधलेले सिनेगॉग, १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि शेवटी रेल्वे स्थानक, अशी ही वाट सावकाश चालले तरी एका सकाळीत पुरी होते. बरोबर आलेल्या मुलांनी जवळजवळ प्रत्येक थांब्यावर विचारले की इथे काय घडले ते इथेच लिहून का ठेवलेले नाही. त्यांच्या या विचारण्यातूनच फलक लावण्याची कल्पना पुढे आली, वर्गणी जमली आणि आठ फलकांचा खर्च भागेल एवढी रक्कम हाताशी आली. प्रत्यक्ष मजकूर लिहायला बसलो तेव्हा मात्र आम्ही अडलो, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

पहिली अडचण वर्षांची आहे. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एका मंडळाने लावलेला एक फलक आहे. ठाण्याचे जुने नाव सांगणारा, कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचा ताम्रपट 'इ.स. ९३९ मधील' असल्याचे त्यावर लिहिलेले आहे. माझ्या नातीने शाळेच्या प्रकल्पात तेच वर्ष उतरवून घेतले आणि ते बरोबर म्हणून स्वीकारलेही गेले. मला ते वर्ष चुकीचे वाटते, परंतु चूक नेमकी कशी झाली हे तिला समजावून सांगता आले नाही, याचे मला फार वाईट वाटले. जे एकदा फलकावर चढते त्यावर लहान मुले शंका घेत नाहीत, आणि खरे तर मोठी माणसेही घेत नाहीत.

दुसरी अडचण एका दगडाची आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली एक लहानसे देऊळ आहे आणि त्याच्या बाहेर कमरेएवढी उंच शिळा उभी आहे. वरच्या भागात सूर्य आणि चंद्र, मधल्या भागात झिजलेल्या अक्षरांच्या काही ओळी आणि खाली गाढव व स्त्री असे शिल्प आहे. दरवर्षी उत्सवाआधी तिला ऑइलपेंट दिला जातो, त्यामुळे अक्षरे बुजत चालली आहेत. काही जण तिला देवी मानून हळदकुंकू वाहतात. यंदा ती शिळा सिमेंटच्या चौथऱ्यात बसवून टाकावी असेही सुचवले गेले आहे. त्या शिल्पाचा अर्थ काय आणि तो रस्त्यावरच्या फलकावर कोणत्या शब्दांत लिहावा, यावर आमच्यात एकमत होत नाही.

तिसरा प्रश्न दंतकथांचा आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत असताना ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, ही हकीकत आम्हाला सर्वांना प्रिय आहे. मोतद्दाराने खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणे म्हटले, त्यातून पळण्याचा बेत त्यांना कळवला आणि मराठी न कळणाऱ्या गोऱ्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हे फलकावर घ्यावे की वगळावे? एकेका फलकावर किती मजकूर असावा आणि परवानगी कोणाची लागते, हेही कृपया सांगावे.

शिलालेखवाचक

मासुंदाकाठ यांस नमस्कार. आपण फलक लावण्याआधी विचारत आहात, याचा मला मनापासून आनंद झाला. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा हे प्रश्न फलक उभा राहिल्यानंतर विचारले जातात.

आपल्या नातीला असे सांगावे. शिलाहार राजा अरिकेसरी याच्या त्या ताम्रपटावरील वर्ष शके ९३९ आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणून ते दान इ.स. १०१७ मधील ठरते. फलक लिहिणाऱ्याने शकाचा आकडा तसाच ठेवून त्याच्या आधी 'इ.स.' जोडले आणि ठाण्याचा इतिहास ७८ वर्षांनी मागे सरकला. यात आणखी एक बारकावा आहे. शकवर्ष गुढीपाडव्याला बदलते आणि इसवी सन १ जानेवारीला, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळात पडणाऱ्या तिथीसाठी ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. परळ येथे मिळालेला अपरादित्याचा शिलालेख शके ११०८ मधील माघ महिन्याचा आहे, त्यामुळे त्याचे वर्ष इ.स. ११८७ असे येते. फलकावर दोन्ही सन द्यावेत, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पडताळा घेता येईल.

ताम्रपटाचा फलक करणारच असाल तर तो सापडल्याची हकीकतही त्यात असू द्या, कारण ती याच मातीतली आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना हे तांब्याचे पत्रे मिळाले. जनरल कारनॅक यांनी ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे ठेवले आणि पंडित रामलोचन यांनी लावलेल्या अर्थावरून केलेले भाषांतर सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापले गेले. त्यात 'श्रीस्थानक' हे नगराचे नाव येते. आपल्या देशातील जुने लेख पद्धतशीरपणे वाचण्याच्या कामाला ज्या काळात नुकती सुरुवात होत होती, त्या काळात ठाण्याचा लेख वाचला गेला. ठाणेकरांना हे ठाऊक असायला हवे, असे मला फार वाटते.

वाचनात चूक होणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हेही तिला जरूर सांगा. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो अंक ७ नसून ९ असल्याचे दाखवले आणि मंदिराचा काळ शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा निश्चित झाला. एका झिजलेल्या अंकाने दोनशे वर्षांचा फरक पडला. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचे वाचन जर पुन्हा तपासावे लागते, तर आपण लिहिलेला मजकूर छापण्याआधी दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घेणे अगदी योग्य आहे.

आता आपल्या शिळेविषयी. आपण केलेल्या वर्णनावरून ती गद्धेगाळ आहे. राजाने किंवा अधिकाऱ्याने भूमी वा उत्पन्न दान दिले की त्याची नोंद अशा शिळेवर करत. वरचे चंद्रसूर्य म्हणजे 'आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे' ही इच्छा, मधला लेख म्हणजे दानाचा तपशील आणि खालचे शिल्प म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. जो हे शासन, म्हणजे हा दानलेख, मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा तो शाप आहे. मी वर उल्लेख केलेल्या परळच्या लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे आणि शेवटची शापवाणी मात्र मराठीत आहे. दान कोणाला मिळाले हे थोड्यांनी वाचले तरी चालत होते, परंतु मोडल्यास काय होईल हे गावातल्या प्रत्येकाला कळणे भाग होते, म्हणून तेवढा मजकूर लोकांच्या बोलीत आला, असे मला वाटते. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यासाठी तोच शाप चित्रात कोरला जाई.

याचा फलकावर उल्लेख टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिळेला देवी म्हणणाऱ्यांच्या भावनेचा अवमान करायचा नाही, परंतु तिथे जे कोरलेले आहे ते दुसरेच काही असल्याचे सांगणेही बरोबर नाही. पुरुषाने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या आईच्या अब्रूवर लादणारी ही समजूत होती आणि तिचा दगडी पुरावा आपल्या गल्लीत उभा आहे.

एक कळकळीची विनंती आहे. रंग काढण्यासाठी तारेचा ब्रश, ॲसिड किंवा पॉलिशचे यंत्र कृपया वापरू नका, कारण त्याने रंगाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. आत्ता करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे रात्री अंधारात शिळेच्या एका बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून, प्रकाशाची दिशा बदलत छायाचित्रे घ्यावीत. दिवसा न दिसणारी अक्षरे अशा सावल्यांत पुष्कळदा उठून येतात. ओल्या कागदावर ठसा घेण्याचे काम मात्र प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. सिमेंटचा चौथरा कोणत्याही परिस्थितीत नको, कारण अशा शिळांचा खालचा भाग पुष्कळदा जमिनीत असतो आणि लेखाच्या किंवा शिल्पाच्या शेवटच्या रेषा तिथेच असण्याची शक्यता असते.

त्र्यंबकजींच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ते सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, ही इतिहासाची नोंद आहे. गाण्याची हकीकत बिशप हेबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे आणि ते इकडून १८२५ साली गेले, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी. ती वगळू नका. 'नऊ वर्षांनंतर लिहिल्या गेलेल्या एका प्रवासवर्णनानुसार' एवढे शब्द तिच्या आधी जोडा. नऊ वर्षांच्या आत लोक त्या सुटकेची अशी कथा सांगू लागले होते, हीदेखील इतिहासाचीच गोष्ट आहे.

बोरीबंदर१८५३

मी रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झालो आहे, म्हणून फक्त स्थानकाच्या फलकापुरते लिहितो.

'भारतातील पहिली रेल्वे ठाण्यापर्यंत धावली' असे वाक्य कृपया लिहू नये. मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहून नेण्यासाठी १८३७ साली लोहमार्ग वापरात होता आणि रुरकी येथे कालव्याच्या कामावर माती वाहण्यासाठी १८५१ साली वाफेचे इंजिन चालवले गेले होते. ठाण्याचा मान प्रवासी वाहतुकीचा आहे आणि तो तेवढ्या एका शब्दाने निर्विवाद होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघाली आणि ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्याला पोचली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडलेली होती. प्रवासाला लागलेला वेळ वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिला जातो, त्यामुळे तो फलकावर न घेतलेला बरा.

'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे' असेही लिहू नये. ती भव्य इमारत १८८८ साली पूर्ण झाली. १८५३ मध्ये तिथे बोरीबंदरचे साधे स्थानक होते. आजचे नाव कंसात दिल्यास हरकत नाही.

माझ्या मते या फलकावर आणखी एक वाक्य हवे, जे सहसा कोणी लिहीत नाही. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत वाढवला गेला, तोपर्यंत म्हणजे वर्षाहून थोडा अधिक काळ ठाणे हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. पुढे जायचे तर खाडी ओलांडावी लागणार होती आणि तिच्यावर पूल बांधणे हे त्या पहिल्या टप्प्यातले अवघड काम होते. आजही कळव्याच्या दिशेने गाडी निघाली की खिडकीतून खाडी दिसते. फलकावर हे वाचून त्या पुलावरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपला रोजचा प्रवास निराळा वाटेल. मी चाळीस वर्षे त्या पुलावरून गेलो आहे आणि दर वेळी मला ते आठवत आले आहे.

नौपाड्याचा

माझे बालपण नौपाड्यात गेले. सध्या मी अमेरिकेच्या दक्षिण भागात, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका लहान गावात राहतो. इथे अशा फलकांची परंपरा जुनी आहे आणि तिच्यातून आपल्याला घेण्याजोगे काही असावे, म्हणून लिहितो आहे.

शेजारच्या व्हर्जिनिया राज्याने १९२७ साली महामार्गांच्या कडेला ऐतिहासिक फलक उभारायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलायनाची योजना १९३५ सालची. तिचा पहिला फलक १९३६ साली स्टोव्हल नावाच्या छोट्या गावात लागला, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन पेन त्या परिसरात राहत असत. स्टोव्हल हे काही शेकड्यांच्या वस्तीचे गाव आहे. राज्याचा पहिला फलक राजधानीत न लागता अशा गावात लागला, ही गोष्ट मला फार आवडते. आज राज्यभर असे दीड हजारांहून अधिक फलक आहेत. ओतीव ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मोजक्या ओळी असतात, कारण त्या चालत्या मोटारीतून वाचता याव्यात अशी मूळ कल्पना होती. प्रत्येक मजकूर इतिहासाच्या प्राध्यापकांच्या समितीपुढे जातो, पुरावा मागितला जातो, आणि सविस्तर टिपण वेगळे लिहून लोकांना वाचायला उपलब्ध केले जाते. आपण विचारलेल्या लांबीच्या प्रश्नाचे हेच उत्तर मला योग्य वाटते. फलकावर पन्नाससाठ शब्द असावेत आणि बाकीचे सारे ग्रंथसंग्रहालयात ठेवलेल्या एका वहीत असावे. ती वही पाहण्यास कोणालाही मोकळीक असावी.

गद्धेगाळीच्या मजकुराविषयी वाचताना मला विल्मिंग्टन शहर आठवले. १० नोव्हेंबर १८९८ रोजी तिथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या वृत्तपत्राचे कार्यालय जाळले, अनेक कृष्णवर्णीयांना ठार मारले आणि लोकांनी निवडून दिलेले नगरशासन उलथून टाकले. पुढे कित्येक दशके या घटनेला 'दंगल' म्हटले जाई. दंगल म्हटले की दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरतात. २०१९ साली राज्याने तिथे फलक लावला तेव्हा त्यावर सत्तापालट झाल्याचे स्पष्ट लिहिले, जमाव गोरा आणि सशस्त्र होता हेही लिहिले. या एका शब्दाच्या दुरुस्तीला १२१ वर्षे लागली. मी तो फलक पाहून आलो. त्यात एकही विशेषण रागाचे नाही, आणि म्हणूनच वाचणारा त्यापुढे थांबतो.

याच्या उलट मिसिसिपीत घडले. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची तिथे हत्या झाली. नदीकाठी जिथे त्याचे शव काढले गेले असे मानले जाते, तिथे २००८ साली लावलेला फलक चोरीला गेला, त्याच्या जागी लावलेल्यांवर वारंवार गोळ्या झाडल्या गेल्या, आणि अखेर २०१९ साली गोळीने न भेदता येणारा, दोनशे किलोहून जड फलक बसवावा लागला. खरा मजकूर काहींना इतका बोचतो. आपल्या गल्लीत तसे काही होणार नाही याची मला खात्री आहे, परंतु शिळेला देवी मानणाऱ्या आजींशी फलक लागण्याआधी कोणीतरी बसून बोलावे, असे मात्र सुचवतो. त्यांना तो मजकूर प्रथम रस्त्यावर वाचायला मिळणे बरे नव्हे.

दिवाळेकर

मी नवी मुंबईत, बेलापूरजवळच्या दिवाळे गावात राहतो. आपल्या स्थळांची यादी वाचली आणि एक गोष्ट खटकली, ती मोकळेपणाने लिहितो. त्यात चेंदणी कोळीवाडा नाही. ठाणे स्थानकाला लागून असलेली ही वस्ती खाडीवर जगली. श्रीस्थानक हे बंदर होते असे आपण अभिमानाने सांगतो, पण होड्या वल्हवणाऱ्यांचे नाव कोणत्याच फलकावर येत नाही.

आमच्याकडे हे अधिक तीव्रतेने जाणवते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि पुष्कळांच्या मनात नवी मुंबईचा इतिहास तिथूनच सुरू होतो. बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष अजून उभे आहेत, त्याच्यावर पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांची सत्ता आळीपाळीने आली, एवढे तरी थोड्यांना माहीत असते. परंतु ज्या आगरी आणि कोळी गावांच्या शेतजमिनी आणि मिठागरे या शहरासाठी गेली, त्या गावांच्या वेशी आज इमारतींच्या मधल्या गल्ल्यांत शोधाव्या लागतात. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मिळाले. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभ्या असलेल्या इमारतीत राहणाऱ्या किती जणांना हा आकडा कुठून आला हे ठाऊक आहे?

माझी विनंती एवढीच की आठांपैकी एक फलक चेंदणीला द्यावा, आणि त्याचा मजकूर लिहिताना तिथल्या वृद्ध कोळी भगिनींना विचारावे. जाळ्यांची, होड्यांची आणि खाडीतल्या ठिकाणांची नावे त्यांच्याकडेच आहेत.

खाडीवारा

परवानगी आणि साहित्य यांविषयी थोडक्यात लिहितो. पदपथावरच्या आणि तलावाकाठच्या जागेसाठी महापालिकेची, स्थानकाच्या आवारासाठी रेल्वेची आणि खासगी किंवा धार्मिक वास्तूसाठी तिच्या विश्वस्तांची लेखी परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय लावलेला फलक कितीही चांगल्या हेतूने लावला तरी मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धच्या १९९५ च्या राज्य कायद्याखाली अडचणीत येऊ शकतो. तुरुंगाच्या भिंतीला हात लावण्याचा प्रश्नच नाही, तिथे समोरच्या पदपथावर वेगळ्या खांबावर फलक उभारावा लागेल. कोणत्याही जुन्या भिंतीत ड्रिलने भोके पाडू नयेत.

शिळेची माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवावी. शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिळा १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. आसपास खोदकाम करताना नाणी किंवा ताम्रपट मिळाले तर ते १८७८ च्या निखात निधी अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

फ्लेक्स मुळीच नको, दोन पावसाळ्यांत तो पांढरा पडतो. साधे लोखंडही नको, कारण खाडीवरून येणारी खारी हवा रंगाखालून गंज चढवते. कोरलेला ग्रॅनाइट किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे आणि अक्षरे रंगवलेली नसून कोरलेली असावीत. फलक आठऐवजी सहा झाले तरी चालतील, परंतु साहित्यात काटकसर करू नये.

मासुंदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी आम्ही ही सर्व उत्तरे छापून एकत्र वाचली आणि काही गोष्टी तिथेच ठरवल्या.

फलक सहाच करायचे. चेंदणीचा फलक त्यांपैकी पहिला लावायचा. ही चूक आमच्या ध्यानातच आली नव्हती, याची खंत वाटते. आमच्यातील दोघी जणी येत्या आठवड्यात कोळीवाड्यात जाऊन बसणार आहेत. कोपिनेश्वराच्या फलकावर सध्याचे मंदिर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी इ.स. १७६० च्या सुमारास बांधल्याचे एवढेच लिहायचे ठरले. 'सुमारास' हा शब्द आधीच्या मसुद्यात आम्ही गाळला होता, तो परत घेतला.

तुरुंगासमोरच्या फलकावर सर्वांत अधिक वेळ गेला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास सुरू केलेला किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला ताबा, त्र्यंबकजींची सुटका आणि तिचे गाणे, २ मे १८४८ रोजी फाशी गेलेले राघोजी भांगरे, १९ एप्रिल १९१० रोजी फाशी गेलेले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, हे सारे साठ शब्दांत बसेना. शेवटी बांधकामाचा तपशील वहीत घातला आणि फाशी गेलेल्या चौघांची नावे व तारखा फलकावर ठेवल्या. माझी नात म्हणाली की किल्ला तर दिसतोच, माणसे दिसत नाहीत. त्यानंतर कोणी आक्षेप घेतला नाही.

शिळेपाशी हळदकुंकू वाहणाऱ्या आजींना मी स्वतः भेटलो. त्यांना अर्थ सांगताना माझाच आवाज खाली गेला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की ती बाई कोणाची तरी आईच आहे ना, मग मी कुंकू वाहीन, तुम्ही खरे काय ते लिहा. ऑइलपेंट यंदा द्यायचा नाही आणि चौथरा बांधायचा नाही, हे देवळाच्या विश्वस्तांनीही मान्य केले आहे. संचालनालयाला पाठवायचे पत्र तयार आहे. तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे शनिवारी रात्री घेऊ आणि शिलालेखवाचक यांना पाठवू.

त्या फलकाचा मसुदा खाली देतो. शब्दांत काही चुकत असेल तर कोरण्याआधी अवश्य सांगावे.

'ही शिळा गद्धेगाळ या प्रकारची आहे. कोकणात शिलाहार राजांच्या काळात दिलेल्या दानाची नोंद अशा शिळांवर कोरत असत. चंद्र आणि सूर्य असेपर्यंत दान टिकावे, असा वरच्या चिन्हांचा अर्थ आहे. खालचे शिल्प दान मोडणाऱ्याला दिलेला शाप दाखवते. त्या शापात गुन्हेगाराच्या आईची विटंबना सांगितलेली आहे. मधला लेख अद्याप वाचला गेलेला नाही. कृपया शिळेला रंग लावू नये.'